सार्वजनिक माशांना जेवू घालण्याची रीत

पतसंस्थेच्या हॉलमध्ये काचेची टाकी आहे, टाकीत गोल्डफिश आहेत आणि तुम्ही काउंटरच्या रांगेत रिकामे उभे आहात. म्हणजे मासे उपाशीच असणार. बघा, तुम्हाला बघून कसे काचेशी आले! गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. माणूस दिसला की वरून दाणे पडतात एवढं त्याला पाठ असतं, म्हणून तो वसुलीला आलेल्या अधिकाऱ्यापुढंही तोंड वासतो. पण तुम्ही ते भुकेचं लक्षण समजावं.

टाकीखालच्या पाकिटातले लाल दाणे मूठभर घ्यावेत. "सकाळी कुणी घातलं काय ओ?" असं चुकूनही विचारू नये. विचारलं तर दार उघडताना शिपायानं, अकराला क्लार्कबाईंनी आणि जेवण झाल्यावर मॅनेजरसाहेबांनी घातल्याचं कळेल आणि तुमचं पुण्य बुडेल. पुढं सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या बँकेनं 1928 साली पिग्मी ठेव काढली, तोच हा हिशेब: रोज थोडं थोडं, ज्याला जमेल तसं. फरक एवढाच की पिग्मीला पासबुक असतं. पाकीट संपलं असेल तर चिरमुरे आहेत, शेव आहे. कुणाचं कर्ज मंजूर होऊन कुंदा वाटला गेला, तर त्याचाही कण टाकावा. बेळगावात राहून माशानं कुंदा चाखला नाही असं नको व्हायला.

दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घालावं, आठवड्यात एक दिवस उपास घडला तरी चालतो, असं जाणकार म्हणतात. त्यांना दुसरा शनिवार माहीत नसावा. शुक्रवारी संध्याकाळी कुलूप लागतं ते थेट सोमवारी उघडतं. धडधाकट मोठा मासा एवढे दिवस काही न खाता मजेत काढतो, पण ही गोष्ट शिपायाच्या कानावर जाऊ देऊ नये. त्यानं शुक्रवारी दोन दिवसांचा शिधा एकदम ओतावा आणि जाताना, लाइटबिल नको म्हणून, मेन स्विच बंद करावा. मासे काही शिधा पुरवून खात नाहीत. उरलेलं तळाशी कुजतं, त्यातून अमोनिया सुटतो. एरवी फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात, पण त्यांना वाहतं पाणी आणि हवा लागते, आणि पंप तर मेन स्विचबरोबर झोपलेला. ते बिचारे बिनपगारी, तेव्हा त्यांची रजा कोण विचारतो?

सोमवारी पाणी ताकासारखं दिसेल. "दोन दिवस उपाशी हाईत की ओ!" असं म्हणून आधी आणखी एक मूठ टाकावी. मग साफसफाई. पाव टाकी पाणी बदलण्याचा भित्रेपणा नको. सगळं उपसावं, खडे घासावेत, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळावा. बेळगावला येणारं राकसकोप धरणाचं पाणी झालं तरी नळात येताना क्लोरीन घेऊन येतं, त्यामुळं उरलेसुरले जिवाणूही निकालात निघतात. तेच पाणी टाकीत भरावं. टाकी अशी लखलखेल की ठेवीदार फोटो काढतील.

मंगळवारी एखादा मासा उलटा तरंगला तर घाबरू नये. संस्थेवर येणारं संकट त्यानं अंगावर घेतलं, असं म्हणावं. टाकी ईशान्येला ठेवलेली असल्यामुळं हे चेअरमनना लगेच पटतं. थकबाकी वाढलेल्या वर्षी मासे जरा जास्तच संकटं घेतात. अशा वेळी अमोनियाचं नाव काढणारा माणूस पुढच्या निवडणुकीत पॅनेलमध्ये राहत नाही. नवे मासे आणावेत, खर्च किरकोळमध्ये टाकावा.

आणि संचालकांतलं कुणी फारच सुधारक निघालं, 'माशांना खाद्य टाकू नये' अशी पाटी लावू म्हणालं, तर जोरदार पाठिंबा द्यावा. 2024 पासून कर्नाटकात दुकानांच्या नामफलकावर 60 टक्के कन्नड लागतं. हा नियम टाकीवरच्या पाटीला लागू होतो का, झाला तर मराठी किती बोटं खाली येणार, यावर दोन-तीन बैठका सहज निघतात. माशांना दोन्ही भाषा येत नाहीत, हा मुद्दा इतिवृत्तात घेऊ नये. निर्णय होईपर्यंत पाटी टाकीच्या झाकणावर आडवी ठेवावी. दाण्यांचं पाकीट ठेवायला ती बरी पडते.