‘फुकटची सिस्टीम, धोक्याची सिस्टीम’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

लिनक्ससारखी मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टीम वापरण्याचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: जिचा कोड कोणालाही वाचता येतो ती सिस्टीम सुरक्षित असूच शकत नाही; ती फुकट असल्यामुळे तिची जबाबदारी कोणावरच नसते; ती वापरायची तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात; म्यूनिक शहराने ती वापरून अखेर सोडून दिली; आणि नेहमीची कामे तिच्यावर होत नाहीत. यांतला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे तपासणीला उतरत नाहीत.

कोड उघडा म्हणजे दार उघडे, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे, कारण सुरक्षितता कोड लपवण्यापेक्षा त्रुटी वेळेत सापडण्यावर आणि दुरुस्त होण्यावर अवलंबून असते. ज्या विंडोजचा कोड बंदिस्त आहे तिलाही दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या द्याव्या लागतात. मात्र असंख्य लोक कोड वाचतात म्हणून त्यात चूक राहतच नाही, असे सांगणारे समर्थकही तितकेच चुकतात. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही गंभीर त्रुटी २०१२ मध्ये शिरली आणि २०१४ मध्ये उघड झाली. तोवर ती सर्वांसमोरच होती.

२०२४ चे उदाहरण अधिक बोलके आहे. फायली संकुचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या प्रकल्पात एका व्यक्तीने दोनेक वर्षे काम करून विश्वास संपादन केला आणि मग चाचणीच्या फायलींत दडवून एक चोरदरवाजा आत आणला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला, सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले. (ते नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होते, हा भाग गमतीचा.) त्यांनी माग काढून मार्चअखेरीस हा प्रकार जाहीर केला, तेव्हा प्रमुख वितरणांच्या (उबुंटूसारख्या, लिनक्सच्या वापरायला तयार संचांच्या) स्थिर आवृत्त्यांत तो पोहोचलेला नव्हता. यात योगायोगाचा वाटा मोठा होता, हे मान्य करावेच लागेल; पण संशय आल्यावर तो कोडच्या ओळींपर्यंत नेण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही, आणि त्यांचे म्हणणे इतरांना लगेच स्वतः पडताळून पाहता आले.

जबाबदारीचा मुद्दा तर उलटाच मांडला गेला आहे. रेड हॅट, सुसे आणि कॅनॉनिकल या कंपन्या करार करून लिनक्सची सेवा पुरवतात; त्यांपैकी रेड हॅट आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. बेवारस मालाला कोणी एवढी किंमत देत नाही. शिवाय विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना शांतपणे वाचला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी त्यातही बहुधा झटकलेलीच आढळते.

काळ्या पडद्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. गनोम, केडीई प्लाझ्मा किंवा सिनॅमन या लिनक्सवरच्या चित्रमय डेस्कटॉपांवर रोजची कामे माउसनेच होतात. टर्मिनल, म्हणजे तोच काळा पडदा, लागते ते मुख्यतः काही बिघडल्यावर.

म्यूनिकची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. तिथे सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेण्यात आले होते, आणि २०१७ मध्ये नगर परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला, हे खरे. पण २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने शक्य तिथे मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे पुन्हा ठरवले. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने तर उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती तयार करून ती हजारो संगणकांवर बसवली. संस्थांचे असे निर्णय राजकारण, करार आणि प्रशिक्षण यांवरही ठरत असल्याने त्यांतून सिस्टीमची गुणवत्ता सिद्ध होत नाही, असिद्धही होत नाही.

आता अर्ध्या सत्याकडे. फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचीही नाही. लिबरऑफिस या ऑफिसच्या मुक्त स्रोत पर्यायात साधी कागदपत्रे नीट उघडतात, आणि कॅलिब्रीऐवजी त्याच मापाचा कार्लिटो फॉन्ट असेल तर पानांची मांडणीही सहसा हलत नाही. परंतु एक्सेलमधल्या मोठ्या मॅक्रोंवर (कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांवर) ज्यांचा व्यवहार चालतो, त्यांनी बदलाची घाई करू नये. व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीच्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे लिनक्सवर विंडोजचे पुष्कळ खेळ चालतात, तरी फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत. जुन्या संगणकाबाबतही अपेक्षा बेताची ठेवावी: विंडोज ११ साठी अपात्र ठरलेल्या यंत्राला लिनक्स बसवल्यावर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील, पण ब्राउझरला लागणारी मेमरी सिस्टीम बदलल्याने विशेष कमी होत नाही.

आपले काम कोणत्या गटात मोडते हे कोणाच्या मजकुरावरून ठरवण्याचे कारण नाही. बहुतेक प्रमुख वितरणे पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता सुरू करता येतात. तशा अवस्थेत वाय-फाय, प्रिंटर, आवाज आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉप नीट झोपतो का, हे तपासावे. पुढे डिस्कवर बसवायचे ठरले, तर आधी फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि विंडोज सोबत ठेवायची असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण बूटची (संगणक सुरू होण्याची) सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते.