आकडे दिसले, पण हाती काही आलं का?

भाचीने काल एक फॉरवर्ड पाठवला. ‘नवशिक्यांनो, फंक्शनच्या नादी लागू नका.’ फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेला, हवा तेव्हा बोलावता (कॉल करता) येणारा प्रोग्रामचा तुकडा. खाली चार मुद्दे: फंक्शनने प्रोग्राम मंदावतो, ती मोठ्या प्रोजेक्टपुरती असतात, पॅरामीटर (फंक्शनला दिलेली किंमत घेणारी नावं) कशाला, सगळं ग्लोबल (फंक्शनबाहेर, साऱ्या प्रोग्रामला खुलं) ठेवा, आणि प्रिंट व रिटर्न एकच. सोबत तिचा प्रश्न: "मावशी, लिहिलेली फंक्शन काढून टाकू का?" नको गं बाई!

शेवटच्या मुद्द्यालाच आधी हात घालते, त्यानेच तिची अख्खी संध्याकाळ खाल्ली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं तिचं ‘सरासरी’ फंक्शन तीन विषयांचे गुण घेतं आणि उत्तर प्रिंट करतं. दोघांपैकी कोणाची सरासरी जास्त हे बघायला तिने ते एकाच इफमध्ये, म्हणजे अटीच्या ओळीत, दोनदा कॉल केलं. स्क्रीनवर 72.0 आलं, 65.0 आलं आणि पाठोपाठ टाइपएरर, दोन ‘ननटाइप’ची तुलना होत नाही म्हणून. "आकडे तर दिसतायत ना!" दिसतायत तुला. प्रोग्रामच्या हाती शून्यसुद्धा आलेलं नाही. प्रिंट फक्त स्क्रीनवर दाखवतं. रिटर्न कॉल केलेल्या जागी किंमत परत देतं. रिटर्न लिहिलंच नाही तर पायथन गुपचूप ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं; त्याचाच प्रकार ‘ननटाइप’.

गोंधळ होतो तो शेलमुळे, म्हणजे एकेक ओळ टाइप करून लगेच चालवायच्या खिडकीमुळे. तिथे नुसतं फंक्शन कॉल केलं तरी परत आलेली किंमत शेल स्वतःच छापतो, म्हणून दोन्ही सारखं वाटतं. एखादं नाव परत करून बघा, ते अवतरणचिन्हांत दिसेल. प्रिंट केलेलं चिन्हांविना. तोच कॉल फाइलमधून चालवा, रिटर्नवालं काहीच दाखवणार नाही.

मोठ्या प्रोजेक्टपुरती? केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक या संगणकाने 1949 मध्ये पहिला प्रोग्राम चालवला. सुरुवातीला त्याची मेमरी होती अवघी 512 शब्दांची, म्हणजे एकेक आकडा किंवा सूचना ठेवायच्या तेवढ्याच जागा. तेवढ्याशा यंत्रासाठीही विल्क्स, व्हीलर आणि गिल यांच्या चमूने कागदी पट्ट्यांवर सबरूटीनांचा संग्रह केला आणि 1951 मध्ये तिघांनी त्यावर पुस्तक काढलं. सबरूटीन हे फंक्शनचंच थोरलं भावंड.

मंदावतो हे, चला, अर्धं खरं. प्रत्येक कॉलला किंचित वेळ लागतो, आणि पायथनमध्ये कोट्यवधी कॉल असले की तो जाणवतो. तीन विषयांच्या सरासरीत नाही.

राहिलं ग्लोबल. तेही भाचीने इमानदारीत करून पाहिलं होतं: ‘एकूण’ बाहेर ठेवलं, दुसऱ्या मुलाच्या वेळी शून्य करायचं राहिलं, आणि शंभरपैकी त्याची सरासरी आली 137.