तीन प्लग आणि वीतभर नळी

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. फोटोत मी आहे, पण बॉनेटबाहेर जेवढा उरलो होतो तेवढाच, म्हणजे कमरेपासून खाली. शेजारी हातात चहाचा पेला घेतलेले दुसऱ्या मजल्यावरचे काका मात्र पूर्णाकृती. खाली मजकूर: 'या वयातही काकांनी गाडी दुरुस्त करून दिली. सलाम!' त्यावर 29 अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा.

झालं होतं एवढंच, की आमची गाडी सिग्नलला उभी राहिली की पिठाच्या गिरणीसारखी थरथरायची. तीन सिलिंडरचं इंजिन, थोडी थरथर जन्मजात असतेच. पण हल्ली चढावर आचकेही द्यायला लागली होती. नाना पेठेत जाऊन तीन स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे, आणले, रात्री जागून चार व्हिडिओ बघितले आणि रविवारी सकाळी साडेसातला, इंजिन थंडगार असताना, बॉनेट उघडलं. व्हिडिओतला माणूस हे काम अकरा मिनिटांत उरकतो. त्याच्या पार्किंगमध्ये काका नसतात.

"काय रे, बंद पडली?"

"नाही काका. प्लग बदलतोय."

"तू?"

या एका अक्षरात त्यांनी माझी पदवी, नोकरी आणि दोन वर्षांपूर्वी मी बसवलेला व आठवड्यात पडलेला पडद्याचा रॉड, सगळं बसवलं. मग चहाचा पेला बाजूच्या स्कूटीच्या सीटवर ठेवला. ते मुक्कामाला आले आहेत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याला वीज पुरवणारी एक कॉइल असते. पहिली कॉइल काढायला 10 नंबरचा पाना लागतो. त्याआधी तिच्या डोक्यावरचा वायरचा कप्लर निघावा लागतो, आणि त्याची प्लॅस्टिकची खिट्टी दहा वर्षांच्या उष्णतेनं पापडासारखी झालेली असते. मी श्वास रोखून नखानं ती दाबत होतो, तेवढ्यात काकांचा पसरणी घाट सुरू झाला.

"आमची स्कूटर होती. दोन स्ट्रोकची. पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं. वाईहून पाचगणीला निघालो. मी, ही, पुढे उभा थोरला, हिच्या मांडीवर धाकटी. आणि निम्म्या घाटात काय?"

"प्लग," मी बॉनेटच्या आतून म्हणालो.

"प्लग! काळाकुट्ट. पण डिकीत पॉलिश पेपर असायचा. काढला, घासला, फुंकर मारली, बसवला. सहा मिनिटं. आणि तू किती वेळ झाला त्या वायरशी खेळतोयस?"

खिट्टी तुटली.

काकांचं सगळं यंत्रज्ञान त्या एका घाटात थांबलं आहे. तिथून पुढे जगात जे काही आलं ते त्यांच्या मते पैसे काढायला आलं. नवे प्लग बघून ते म्हणाले, "नवे कशाला? घासून बसव." मी म्हटलं, काका, यात ऑइल जळत नाही, घासून उपयोग नाही, टोकंच झिजतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी पण घासून बघ." मग त्यांची सूचना आली की प्लग बाहेर काढून बॉडीला टेकव आणि सेल्फ मार, ठिणगी पडते का बघू. आता बॅटरीच्या 12 व्होल्टचे ही एवढीशी कॉइल वीस हजारांच्या वर व्होल्ट करते आणि शेजारच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "घाबरतोस." वर गॅलरीतून काकू ओरडल्या, "अहो, त्याला काम करू द्या!" काका खाली मला म्हणाले, "बघ, तुझ्या काकूलासुद्धा काळजी वाटते."

"हा प्लग शोधून काढला तरी कुणी?" त्यांनी मधेच विचारलं. मी आदल्या रात्री वाचलेलं ऐकवलं, की प्लगची कल्पना त्याआधीची, पण 1902 साली बॉशकडच्या होनोल्ड नावाच्या इंजिनिअरनं मॅग्नेटोला, म्हणजे चुंबकावर वीज करणाऱ्या यंत्राला, जोडून ती गाडीत नीट चालती केली. "जर्मन," काका समाधानानं म्हणाले. "तरीच घाटात आपलं काम झालं." त्या होनोल्डला ऊर फुटेस्तोवर रडावंसं वाटलं असतं.

मग खरी अडचण आली. प्लग बसलेला असतो एका खोल विहिरीत. प्लगच्या पान्याच्या आत रबराची एक बांगडी असते, तिनं प्लग धरून वर यायचा असतो. माझ्या ऑनलाइन मागवलेल्या पान्यात ती बांगडी नव्हती. आटे सुटले, प्लग गरागरा फिरायला लागला, पण वर येईना. मी चिमटा घातला, पोचला नाही. चुंबक घातलं, ते विहिरीच्या भिंतीला चिकटेल असं वाटलं होतं, पण हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं, भिंतीला ते चिकटलंच नाही. प्लगला चिकटलं, वर उचलताना सुटलं. चार वेळा. तोवर वॉचमन आला, पेपरवाला सायकल टेकवून उभा राहिला आणि कुणीतरी, अजून नाव कळलेलं नाही, पण कळेल, फोटो काढला.

काका काही न बोलता वर गेले. मला वाटलं, सुटलो.

पाच मिनिटांनी ते खाली आले ते हातात वीतभर नळी घेऊन. स्कूटरच्या पेट्रोलची. मीटरवर घेतलेल्यातला उरलेला तुकडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. स्कूटर विकून पंचवीस वर्षं झाली असतील. त्यांनी नळी विहिरीत सोडली, प्लगच्या डोक्यावर दाबली आणि विहिरीतून पोहरा काढावा तसा अलगद प्लग वर आणला. पेपरवाल्यानं टाळी वाजवली. मी त्याचा पेपर बंद करणार आहे.

प्लग हातात आला आणि माझी करमणूक संपली. षटकोनावर गंजाचं कडं, मधल्या टोकाच्या कडा झिजून गोल. डब्यावर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती दोन टोकांमधली फट, 1 मिमी लिहिलेली. माझ्या फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांमधली, 1 मिमी जाडीची पाती आत खुळखुळत होती. तिच्या जोडीला 0.4 ची घातली तेव्हा कुठे दोघी अडकल्या. तिन्ही प्लग तसेच. आणि माझ्याकडे गेल्या दिवाळीतल्या सर्व्हिसिंगचं बिल आहे, 'स्पार्क प्लग, 3 नग' असं छापलेलं, बसवण्याची मजुरी वेगळी. तेव्हापासून गाडी आठ हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नाही. आठ हजारात प्लगचं एवढं झिजत नाही. हे प्लग माझ्या गाडीबरोबरच जन्माला आलेले होते.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये चेंज झाल्याचं दाखवतंय." मी म्हटलं, अहो, जुने माझ्या हातात आहेत. ती म्हणाली, "सर, पण सिस्टीममध्ये चेंज झालेत." दोन वेळा मॅनेजरशी बोलतो म्हणालो, दोन वेळा गाणं ऐकवलं, मग फोन कट.

"आमचा मिस्त्री," काका पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "जुना पार्ट पेपरात गुंडाळून हातात द्यायचा. आपण मागायच्या आधी." आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. त्या क्षणी मला ते आवडले. तो क्षण टिकला नाही.

कारण नवे प्लगही त्यांनीच बसवले. नळीच्या टोकाला प्लग लावून हलक्या हातानं फिरवला की आटे आपोआप सापडतात, वाकडा गेला तर नळीच घसरते, आटे जात नाहीत. ही युक्ती चारपैकी एकाही व्हिडिओत नव्हती, हे मान्य. पण शेवटी पाना लावल्यावर ते "दाब, अजून दाब" म्हणत राहिले आणि मी वॉशर टेकल्यावर अर्ध्याहून थोडा जास्त फेरा देऊन थांबलो, हेही कुठेतरी नोंदलं जावं. अ‍ॅल्युमिनियमचे आटे काकांचं ऐकून गेले असते तर हेड उतरवायचा खर्च ग्रुपवर कुणी वर्गणी काढून दिला नसता.

चावी फिरवली. गाडी अशी शांत चालू झाली की वॉचमननं विचारलं, "चालू झाली का?" तुटलेल्या खिट्टीवर मी चिकटपट्टी लावली आहे.

ग्रुपवर मी लिहिलं होतं की प्लग मी बदलले, काकांनी मदत केली. त्याला तीन अंगठे आले आणि सेक्रेटरींचा निरोप, की पार्किंगमध्ये गॅरेजची कामं करू नयेत. चौथ्या मजल्यावरच्यांनी त्यांच्या गाडीसाठी काकांची वेळ मागितली. मंगळवारी काका दारात उभे, "तुझा तो 10 नंबरचा पाना आणि रॅचेट दे जरा. संध्याकाळी आणून देतो."

आज शनिवार. पाना आलेला नाही. नळी माझ्या डिकीत आहे, पिशवीसकट.