तेल पन्नास वर्षांत संपणार म्हणे!

भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: "जगात फक्त 50 वर्षांचं तेल उरलंय. उत्पादनाचं शिखर मागं पडलं. म्हणूनच परभणीत पेट्रोल एवढं महाग. ट्रॅक्टर घेणारांनो, विचार करा!" थोरल्या दादांनी तेवढ्यावर ट्रॅक्टरचं बुकिंग थांबवलं.

50चा आकडा खोटा नाही, त्याचा लावलेला अर्थ खोटा आहे. सापडलेला आणि आजच्या भावात काढायला परवडणारा साठा भागिले वर्षाचं उत्पादन, एवढंच ते गणित. 1980 साली हेच उत्तर 30च्या आसपास येत होतं. म्हणजे 2010 लाच सगळे पंप बंद पडायला हवे होते.

म्हणून तेल कधी संपणारच नाही असंही नाही. आमच्याच शिवारात बघा. आजोबांच्या विहिरीला 40 फुटांवर पाणी. पहिला बोअर 200 फूट. 2016च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या साली, आम्ही 650 फूट गेलो. लागलं दीड इंच, तेही तासाभरात मोटार हवा धरते. जमिनीतलं पाणी संपलं का? नाही. रोज हाती येणारं घटलं आणि बोअरवाल्याचं बिल वाढलं. तेलाचं शिखर म्हणजे उत्पादन सगळ्यात जास्त होऊन पुढं घटायला लागतं तो टप्पा, आणि त्याचा वाद हाच आहे: पोटात किती उरलं हा नाही, रोज किती निघतं हा.

ते शिखर मागं पडलं का? हबर्ट या अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञानं 1956 साली सांगितलं होतं की अमेरिकेचं उत्पादन 1965 ते 1970च्या दरम्यान कळस गाठेल. 1970 ला गाठलंही. पण पुढं खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं आणि 2018 ला तो कळस मोडला. आता तिथं दिवसाला 1.3 कोटी पिंपांच्या आसपास निघतं. मात्र या विहिरी पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त आटतात, सतत नवीन पाडाव्या लागतात. आमच्यासारखंच की!

आता तर भांडण मागणीच्या शिखरावर आलंय, म्हणजे तेलाचा खप कधी घटायला लागणार यावर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 2023 मध्ये ते 2030च्या आत धरलं, ओपेक या तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेला ते मान्य नाही. (तेल विकणाऱ्याला ते कसं दिसावं?)

राहिला पेट्रोलचा भाव. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी तेलाचा वायद्याचा (पुढच्या तारखेला माल घ्यायच्या सौद्याचा) भाव शून्याखाली गेला होता. तरी मेमध्ये आपल्याकडं पेट्रोलवर लिटरमागं 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर वाढला. म्हणजे भाव ठरतो तो करानंही, नुसत्या तेलाच्या साठ्यानं नाही. वर परभणीचे टँकर येतात लांब मनमाडकडून, त्याचं भाडंही भावात.

दादांना म्हटलं, ट्रॅक्टर अडलाय तो सोयाबीनच्या भावानं, तेलाला कशाला नाव ठेवता?