ॲपल-मायक्रोसॉफ्ट खटल्याविषयी खुलासा

गोव्यातील संगणक विद्यार्थ्यांच्या काही व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा मजकूर फिरत आहे की, संगणकाच्या पडद्यावर कार्यक्रम ज्या चौकटींत उघडतात, त्या खिडक्यांची (विंडोज) कल्पना चोरल्याबद्दल न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला ॲपलला १५ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली. हे खरे नाही. तो खटला ॲपल हरली. १९८८ साली दाखल झालेल्या दाव्यात ॲपलने दोन्ही कंपन्यांच्या पडद्यांवरील मांडणीतील साम्याच्या १८९ बाबी मांडल्या होत्या; त्यांपैकी १७९ वापरण्याची परवानगी १९८५ च्या करारान्वये तिनेच दिलेली असल्याचे न्यायालयाला आढळले. उरलेल्यांत एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्यांचा मुद्दा होता, पण पडद्यावर अनेक खिडक्या दाखवायच्या तर त्या शेजारी शेजारी तरी मांडाव्या लागतात किंवा एकीवर एक तरी, आणि मार्गच दोन असताना त्यातला एक कोणा एकाच्या मालकीचा ठरत नाही. १९९४ साली अपिलातही हाच निर्णय कायम राहिला. १५ कोटींचा आकडा या दोन कंपन्यांमधील १९९७ च्या करारातला असून, ती मायक्रोसॉफ्टने घेतलेल्या ॲपलच्या समभागांची किंमत होती. गोव्यासह भारतातही कल्पनेला कॉपीराइट नाही, तो केवळ तिच्या प्रत्यक्ष मांडणीला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच स्पष्ट केले आहे.