सात किलोंचा वानप्रस्थ

उतारवयात एकट्यानं एखाद्या बेटावर जावं, आठवडाभर निवांत पडावं आणि तेही हलक्या सामानानिशी, असं तुमच्या मनात आलं असेल तर आधी अभिनंदन. आता पिशवी घ्या आणि खरेदीला निघा. हलकं सामान घरात नसतं, ते विकत आणावं लागतं.

मी ६८ वर्षांची आहे. गेल्या नोव्हेंबरात एकटीच अंदमानला, म्हणजे त्यातल्या नील बेटावर, आठ दिवस राहून आले. तेव्हा जे सांगते आहे ते अनुभवाचे बोल समजा.

तर खरेदी. घरात चार बॅगा असतील, पण त्या जड. म्हणून एक हलकी घ्या. तिच्यात कपडे नीट बसावेत म्हणून आत घालायच्या जाळीच्या पाच पिशव्या घ्या. फुगवायची उशी, घडीची काठी, घडीची छत्री, घडीची बादली घ्या. (बादली कशाला, असं दुकानदारानंही विचारलं होतं.) तेल-शांपू ओतून न्यायला सहा चिमुकल्या बाटल्या घ्या आणि त्यांतली एक फुटणारच, म्हणून सगळ्या ठेवायला एक जाड डबा. शेवटी बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा. तोही बॅगेतच ठेवा, येताना लागतो. आपल्याकडच्या बहुतेक विमानांत हातात ७ किलो आणि विमानाच्या पोटात १५ किलो चालतं. मी ठरवलं होतं, फक्त ७. वानप्रस्थाला निघालेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं? नुसत्या हलक्या वस्तूंचंच सव्वापाच किलो भरलं, तेव्हा दुसरी बॅग काढली.

औषधं मोजून घ्या. आठ दिवसांसाठी वीस दिवसांच्या गोळ्या पुरतात. बोट बंद पडली तर चार दिवस, वादळ आलं तर आणखी चार, आणि उरलेल्या गोळ्या मुलाच्या समाधानासाठी. सोबत तब्येतीची फाइल हवीच. माझ्या फाइलमध्ये मणक्याचा एक जुना एक्स-रे आहे. तो कुठल्याच बॅगेत सरळ मावत नाही आणि दुमडलाही जात नाही, थोडक्यात माझ्या मणक्यासारखाच आहे. तरी मी तो नेला. बेटावर एखाद्या डॉक्टरांना वेळ जात नसेल, सांगता येत नाही.

आता घरच्यांना कसं सांगायचं ते नीट वाचा, कारण इथे भलेभले अडकतात. ‘मी एकटी आठ दिवस समुद्रकाठी आडवी पडणार आहे,’ हे वाक्य मराठी घरात उच्चारू नये. सुनेला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. मुलाला वाटतं डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि आई लपवतेय. परदेशातली लेक रात्री दोनला फोन करून ‘आई, खरं सांग’ म्हणते. सोसायटीत तर बातमी लिफ्टनं तुमच्या आधी खाली पोचते. तेव्हा एवढंच म्हणा, ‘सेल्युलर जेल बघायचं राहिलंय.’ बस्स. अंदमानला निघालेल्या मराठी माणसाला पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. उलट शेजारचे काका दाराशी येऊन नमस्कार करून जातात. जेलला एक सकाळ पुरते आणि आपण आठ दिवस चाललोय, हा हिशेब कुणी करत नाही.

नोव्हेंबरात जाणार असाल तर हयातीचा दाखला आधी देऊन टाका. पेन्शनवाल्यांचा तो महिना. बँकेच्या दफ्तरी जिवंत असल्याखेरीज खोल पाण्यात उतरू नये.

इतकं झालं की नातेवाईक तुमच्या बॅगेत सामान भरू लागतील. त्यांना भरू द्या, तो प्रेमाचा प्रकार आहे. माझ्या वन्सं आल्या त्याच एक पिशवी घेऊन. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि सुक्या खोबऱ्याच्या आठ वाट्या. म्हटलं, ‘वन्सं, अंदमानात जिकडे बघाल तिकडे माड आहेत.’ त्या म्हणाल्या, ‘माड असतील गं, पण खोबरं मिळेल न मिळेल.’ वन्संचं वय ७४. त्यांच्याशी मी ४३ वर्षांत वाद जिंकलेला नाही. वाट्या बॅगेच्या तळाशी गेल्या. एकूण वजन १४ किलो २०० ग्रॅम.

विमानतळावर सामान देताना काउंटरवरची मुलगी एका चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारते, लायटर आहे का, पॉवर बँक आहे का, सुकं खोबरं आहे का. मला वाटलं, माझं कोकणस्थ आडनाव वाचून गंमत करतेय. तसं नाही. सुक्या खोबऱ्यात तेल फार. ते साठून राहिलं तर आपसूक तापून पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून आपल्याकडे सामानात टाकायला बंदी आहे. मी कोकणस्थ शिस्तीत वाढलेली, खोटं बोलता येईना. मागच्या चाळीस माणसांच्या रांगेसमोर बॅग उघडली. वर जाळीच्या पाच पिशव्या, मग एक्स-रे, मग बादली, मग काठी आणि सगळ्यात खाली वन्सं. आठ वाट्या काउंटरवर ओळीनं मांडल्या, तेव्हा मागून एक गृहस्थ म्हणाले, ‘ओटी भरताय का?’ तुमच्या बाबतीत असं झालं तर हसून घ्यावं. मी हसले नाही, पण घ्यावं.

वाट्या मुंबईतच राहिल्या. बॅग तेवढी हलकी झाली हे माझ्या लक्षात आलं ते चेन्नईला.

अंदमानात उतरल्यावर पहिल्यांदा नावांशी जुळवून घ्या. तुमच्या डोक्यातलं पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्रीविजयपुरम आहे. नील २०१८च्या शेवटी शहीद द्वीप झालं आणि शेजारचं हॅवलॉक झालं स्वराज द्वीप. बोटीच्या तिकिटावर एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं. किनाऱ्यांची नावं तर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. बेट जेमतेम चौदा चौरस किलोमीटर, त्यात अख्खं अयोध्याकांड बसवलंय. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी हे बेट वसवलं. ते काय सामान घेऊन आले असतील, हा विचार घडीची बादली ओढत धक्क्यावरून चालताना मनात येऊ देऊ नका. रामायणात भरत पादुका घेऊन परत गेला. मी भरतपूरच्या किनाऱ्यावर चपला काढून पाण्यात गेले आणि भरतीनं त्या नेल्या. एवढी परंपरा पाळली गेली.

निवांत राहायचं म्हणजे वेळापत्रक हवंच, नाहीतर वेळ वाया जातो. मी वहीत आखलं होतं. ६ ते ७ सूर्योदय, ७ ते ८ चालणं, ४ ते ५ वामकुक्षी, ५ वाजता चहा, ६ ते ७ सूर्यास्त. पहिल्या दिवशी सहाला सीतापूरला गेले तर सूर्य केव्हाचा वर येऊन कामाला लागला होता. संध्याकाळी चहा संपवून लक्ष्मणपूरला निघाले, तर वाटेत लोक परतताना भेटले. अंधार. घड्याळात साडेपाच. कारण साधं आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि ही बेटं त्र्याण्णवच्या आसपास. सूर्य दिल्लीला विचारून उगवत नाही. नोव्हेंबरात इथे पाचच्या आत दिवस मावळतो. वामकुक्षीतून उठावं तर दिवेलागण. डोंबिवलीत सातला ‘शुभंकरोति’ म्हणणारी मी, इथे पाचला म्हणू लागले आणि नऊपर्यंत देवाला सांगण्यासारखं सगळं संपलं.

तीच गत भरती-ओहोटीची. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात. तिच्यापर्यंत जायचं ते ओहोटीलाच, ओल्या खडकांवरून. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची. सप्तमी असेल तर सव्वापाच. मी मोठ्या रुबाबात तोच हिशेब मांडून निघाले आणि कमानीऐवजी कमरेएवढं पाणी बघून आले. आजीचा हिशेब कोकण किनाऱ्याचा. दर किनाऱ्याचं पाणी आपल्या वेळेनं येतं आणि ती वेळही रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. मी राहत होते त्या घराच्या दीदी म्हणाल्या, ‘मासीमा, पूछ लेते ना.’ विचारायचं नाही, हाच एकट्या प्रवासाचा आनंद असतो, असं मी त्यांना सांगणार होते. पण साडी पिळत होते.

जेवणाची काळजी करू नका, तुम्ही सगळं नेलंच आहे. फक्त एक. नील हे अंदमानाचं भाजीचं कोठार. इथली भाजी बोटीनं श्रीविजयपुरमला जाते. दीदींच्या परसात वांगी, भोपळे, मिरच्या, वर माडावर खोबरंच खोबरं. अशा ठिकाणी मी भाजणीचा डबा उघडला. दीदींनी मेतकुटाचा वास घेतला, चिमूटभर चाखलं आणि दुसऱ्या दिवशी मोहरी घातलेल्या माशाच्या कालवणावर भुरभुरलं. वन्संना मी हे अजून सांगितलेलं नाही. चांगलं लागतं.

फोनचं काय? पूर्वी बेटावर गेलेल्या माणसाला ‘रेंज नव्हती’ असं सांगता यायचं. ती सोय गेली. २०२० साली चेन्नईपासून अंदमान-निकोबारपर्यंत समुद्राखालून सुमारे २,३०० किलोमीटर केबल आली. एवढी केबल तळाशी अंथरली ती माझ्या मुलाला ‘आई, संध्याकाळची गोळी घेतलीस का?’ हे विचारता यावं म्हणून, अशी माझी समजूत आहे. नीलवर रेंज अधूनमधून जाते, पण मुलाचा फोन लागतोच. पाण्यात गळ्याइतकी उभी होते तेव्हाही लागला. मी नव्हता उचलला, दीदींच्या मुलानं काठावरून उचलला आणि खरं ते सांगितलं. त्या रात्री न्यू जर्सीहूनही फोन आला.

शेवटच्या दिवशी जेल बघा. कारण तेच सांगून आलोय. मधल्या मनोऱ्यापासून आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती १९०६ साली पुऱ्या झाल्या, त्यांतल्या आता तीन उरल्यात. सावरकर १९११ साली इथे आले आणि दहा वर्षं इथेच राहिले. त्यांच्या कोठडीपाशी मराठी पर्यटकांची रांग असते, मीही उभी राहिले. पण मला खिळवून ठेवलं ते कोलूनं. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा, सुकं खोबरं घालायचं आणि दिवसाला ३० पौंड तेल मोजून घ्यायचं. मनात पौंडाचे किलो केले. साडेतेरा. जवळजवळ माझ्या बॅगेएवढं, रोज, घामासकट. खोबऱ्यात तेल फार, हे मला विमानतळावरच्या त्या मुलीनं आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा मी चिडले होते.

तिथून बाहेर येऊन बाकावर बसले आणि बराच वेळ मुलाचा फोन घेतला नाही.

परतताना आठवण म्हणून किनाऱ्यावरचं पोवळं, प्रवाळाचा तुकडा असलं काही उचलू नका. मेलेलं असलं तरी. १९७२च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर काढून घेतात. माझ्या पुढच्या आजोबांच्या मोज्यातून निघालं. त्यांनी ‘नातवंडानं टाकलं असेल’ म्हटलं. तेही एकटेच आले होते.

घरी पोचल्यावर काट्यावर बॅग अडकवली. १४ किलो २००. आठ वाट्या गेल्या, भाजणी संपली, चपला समुद्रात, मेतकूट आणि बादली दीदींकडे. तरी आकडा तोच. काटा बिघडला असावा. नाहीतर निघताना दीदींनी बांधून दिलेलं काय काय होतं, ते मी अजून सोडलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वन्सं आल्या. आधी खोबऱ्याचं विचारलं. मी म्हटलं, ‘सरकारच्या मते ते पेट घेतं.’ त्यांनी ते ऐकून घेतलं, फोटो बघितले, पाण्यात गळ्याइतकी उभी असलेली मी दोनदा मोठी करून बघितली. मग चहाचा कप बशीत ठेवत म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी मीही येईन म्हणते. मला कुठे फार सामान लागतं? एकच तर पिशवी.’