‘पब्लिक कोर्सचे दर एका क्लिकवर मिळतात’ म्हणे!

गोल्फचा डेटा गोळा करणाऱ्यांमध्ये एक दावा सध्या जोरात फिरतोय. तो थोडक्यात असा: पब्लिक कोर्स, म्हणजे कोणालाही पैसे भरून खेळता येणारं गोल्फचं मैदान, सार्वजनिक, म्हणून त्याचे दरही जाहीर. बुकिंग साइटवर स्क्रिप्ट (आपोआप आकडे वाचणारा छोटा प्रोग्राम) लावा, आकडे उचला. तिथे नसतील तर कोर्सच्या वेबसाइटवरून घ्या. दोन ठिकाणी वेगळे निघाले तर सरासरी काढा, आणि जानेवारीत एकदा सगळं अपडेट करा. फोन करून पडताळत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

ऐकायला झकास आहे. पण यातला एकेक मुद्दा हातात घेतला की सुटायला लागतो.

आधी ‘जाहीर दर’. जाहीर असतो, पण तो एक नसतो. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचा बेथपेज ब्लॅक घ्या. यू. एस. ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा भरवलेला, तरीही कोणालाही खेळता येणारा कोर्स. तिथे बरीच वर्षं राज्यातल्या रहिवाशाला कामाच्या दिवशी ६५ डॉलर आणि शनिवार-रविवारी ७५ असा दर होता. बाहेरून आलेल्याला १३० आणि १५०. एकच मैदान, तेच १८ होल (म्हणजे पूर्ण खेळ), चार आकडे. आणि हे सोपं प्रकरण, कारण ब्लॅकवर सगळे चालतच खेळतात, कार्टचा, म्हणजे मैदानात फिरायच्या छोट्या गाडीचा, प्रश्नच येत नाही. बाकी ठिकाणी कार्ट, ९ होल, ज्येष्ठ नागरिक, ज्युनियर, ट्वायलाइट (दिवस उतरतानाचा स्वस्त दर), हंगाम असे फाटे फुटत जातात. त्यात ‘वीकेंड’ कधी सुरू होतो यावरही एकमत नाही. कुठे शुक्रवार धरतात, कुठे फक्त शुक्रवार दुपारनंतरचा वेळ. सॅन दिएगोच्या टॉरी पाइन्सवर शहराचं रहिवासी कार्ड असलेल्याचा दर आणि पाहुण्याचा दर यांत इतकी दरी आहे की दोन्ही एकाच रकान्यात टाकले तर तो रकाना निरर्थक होतो.

आता बुकिंग साइट. या दाव्याचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू. साइटवर दिसतो तो ‘कोर्सचा दर’ नव्हे. तो त्या क्षणी न विकल्या गेलेल्या टी टाइमचा, म्हणजे खेळ सुरू करायच्या राखीव वेळेचा, भाव असतो. शनिवारी सकाळी आठची वेळ उघडल्या उघडल्या संपते आणि यादीतून गायब होते. तुमची स्क्रिप्ट शुक्रवारी रात्री धावते तेव्हा तिला दुपारी दोननंतरचं उरलंसुरलं सापडतं. त्यावर सरासरी काढली की कोर्स आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतो. स्क्रिप्टने काहीही चुकीचं वाचलेलं नसतं, तरी आकडा खोटा ठरतो.

दुसरी गोम आणखी आतली आहे. अनेक कोर्स बुकिंगचं सॉफ्टवेअर रोख पैसे न देता घेतात. बदल्यात रोजच्या काही वेळा बुकिंग कंपनीला देतात. या व्यवहाराला धंद्यात ‘बार्टर’ म्हणतात. त्या वेळा कंपनी स्वतःच्या हिशोबाने, बऱ्याचदा मोठी सवलत देऊन विकते. म्हणजे झळकणारी ती ‘डील’ कोर्सने ठरवलेलीच नसते. ती कोर्सच्या नावावर दर म्हणून नोंदवली की मॅनेजर चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं.

वर शुल्कं वेगळी. काही साइट ‘कन्व्हिनियन्स फी’ शेवटच्या पानावर लावतात. पहिल्या पानावरून आकडा उचलणाऱ्याला ती दिसतच नाही. याउलट लॉस एंजेलिस शहराने २०२४ मध्ये दलालांच्या टी टाइम विक्रीला चाप लावण्यासाठी प्रत्येक खेळाडूमागे १० डॉलरची परत न मिळणारी अनामत सुरू केली. अनामत म्हणजे जादा शुल्क नव्हे, ती दरातच वळती होते. ती दरात मिळवली की झाला आकडा फुगून.

‘मग कोर्सची वेबसाइट बघा.’ बघाच, पण खालची तारीखही बघा. दोन हंगामांपूर्वीची पीडीएफ तिथे निवांत पडलेली असते. पालिकेच्या कोर्सच्या बाबतीत नगर परिषदेने मंजूर केलेलं दरपत्रक मिळतं, तो भक्कम पुरावा. तरी काही शहरांत ते कमाल मर्यादा सांगतं; मैदान चालवणारी कंपनी त्याखाली काहीही आकारू शकते. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि नवे दर तेव्हा लागू होतात. त्यामुळे ‘जानेवारीत एकदा’ या वेळापत्रकात निम्मं वर्ष शिळे आकडे मिरवतात.

खेळाडूंनी स्वतः कळवलेले भाव? इशारा म्हणून ठीक. त्यात कार्ट धरली होती का, तारीख कोणती, हे बहुधा कोणी लिहीत नाही.

सरासरीचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. एका ठिकाणी ४८, दुसऱ्या ठिकाणी ७०. सरासरी ५९. हा ५९ जगात कोणीही, कधीही भरलेला नाही. असा फरक दिसला की त्याचं कारण शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा कार्टमध्ये सापडतं. त्यातही ‘कार्ट २२’ हे माणशी की गाडीमागे, हे विचारावंच लागतं.

राहिला फोन. प्रो शॉपला (कोर्सवरच्या दुकान-काउंटरला) ‘तुमचा रेट काय?’ विचारलं तर समोरचा काहीतरी एक आकडा सांगून मोकळा होतो. प्रश्न असा टाकावा: ‘येत्या शनिवारी सकाळी आठ, १८ होल, चालत, एकटा, तुमच्या गावचं रहिवासी कार्ड नाही. कर धरून क्रेडिट कार्डावर किती लागतील?’ याला एकच उत्तर असतं, आणि ते मिनिटभरात मिळतं. नोंदीत आकड्याशेजारी खेळाची तारीख, विचारल्याची तारीख, कोणी सांगितलं आणि त्यात काय काय धरलं, एवढं हवं. माहीत नसलेला रकाना रिकामा सोडायचा, शून्य टाकायचं नाही. नाहीतर उद्या कोणीतरी कार्ट फुकट आहे असं समजून दारात उभा राहील.

स्क्रिप्ट फेकून द्या असं नाही. मागणीनुसार तासागणिक भाव बदलणाऱ्या कोर्सवर तिच्याशिवाय इलाज नाही, फक्त ती रोज एकाच वेळी, ठरावीक दिवस आधीच्या टी टाइमवर चालवायला हवी. आणि तिने आणलेल्या यादीत कोणाला आधी फोन करायचा तेही तीच सांगते: ज्यांचा आकडा गेल्या हंगामापासून हललाच नाही, ज्यांचा एका रात्रीत निम्मा झाला, आणि ज्यांचे ९ होल १८ पेक्षा महाग दिसतायत.